गोगलगायीच्या शंखावर खूण करून मिळणेबाबत

आडबंदर नगरपरिषदेच्या मत्स्यालयातल्या एका गोगलगायीने आपला शंख रंगवून मिळावा म्हणून चौदा जूनला अर्ज केला. तो माझ्याकडे आला, कारण आवक-जावक तेव्हा मी बघत होते.

अर्ज काचेवर होता. टाकी क्रमांक चारच्या पुढच्या काचेवर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ धरतं. गोगलगायीने ते खात खात अक्षरं काढली होती. खाल्लं तिथे काच स्वच्छ, बाकी हिरवी. मत्स्यालय सांभाळणाऱ्या फिलोमिना फर्नांडिस यांनी सांगितलं, की हे काम तेरा दिवस चाललं होतं आणि पहिले चार दिवस त्यांना वाटलं, ती नुसती जेवते आहे.

"'शंख' पूर्ण झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "मग मी काच पुसायची बंद केली."

अर्ज आतून लिहिलेला असल्यामुळे बाहेरून उलटा दिसत होता. उलटा अर्ज दाखल करून घेता येत नाही. मी समोरच्या सलूनमधून हातआरसा मागून आणला, आरशात बघून मजकूर उतरवून घेतला, साक्षीदार म्हणून फिलोमिनाबाईंची सही घेतली आणि आवक क्रमांक घातला. मजकूर एवढाच होता: 'शंख रंगवून मिळावा. आम्ही चाळीस सारख्या.'

मुख्याधिकारी गव्हाणे साहेब बीडकडचे. त्यांना आमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते आणि जेवणात मासे अजून अंगवळणी पडले नव्हते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"पेडणेकर बाई," ते म्हणाले, "शंख म्हणजे घर का अंग?"

मी प्रश्न टिपून घेतला.

"घर असेल तर बाहेरून रंग द्यायला बांधकाम विभागाची परवानगी लागेल. अंग असेल तर आरोग्य विभागाची. दोन्हीकडे पाठवा."

मी दोन्हीकडे पाठवलं. बांधकाम विभागाने लिहिलं, की शंखाला पाया नाही, सबब ती इमारत नाही. आरोग्य विभागाने लिहिलं, की शंखाला नाडी लागत नाही, सबब तो अवयव नाही. एकोणीस दिवसांनी फाइल परत आली. तोवर काचेवर पुन्हा शेवाळ धरून अर्जातला 'मिळावा' बुजला होता.

साहेबांनी फिलोमिनाबाईंना बोलावलं. त्या चोवीस वर्षं मत्स्यालयात होत्या. त्यांच्या हाताला कायम पाण्याचा वास यायचा आणि खुर्चीत बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहायच्या.

"साहेब, दोन प्रकार आहेत," त्या म्हणाल्या. "सात नंबरच्या कोरड्या टाकीत, वाळूवर, शंखातले खेकडे आहेत. त्यांचं घर भाड्याचं. शंख दुसऱ्या कोणाचा असतो, तो मेला की हे आत राहायला जातात. अंग वाढलं, जागा पुरेना, की मोठा बघतात. गोगलगायीचं तसं नाही. ती शंखासकट जन्मते. तो तिच्या पाठीला धरलेला असतो. ती त्यातनं बाहेर आली म्हणजे मेली."

"म्हणजे खेकडा भाडेकरू."

"हो."

"आणि गोगलगाय?"

"गोगलगाय म्हणजेच ते घर."

साहेबांनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी असा निर्णय दिला, की प्रकार नवीन असल्यामुळे आधी भाडेकरूच्या बाबतीत प्रयोग करून बघावा आणि तो यशस्वी झाल्यास अर्जदाराचा विचार करावा. टाकी क्रमांक सातमधल्या सगळ्यात मोठ्या खेकड्याची निवड झाली. त्याला कळवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने वाळूवर नांगीने ओरखडून उत्तर दिलं: 'मी मागितलेलं नाही.'

साहेबांनी शेरा मारला, की भाडेकरूचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं आहे.

रंगाचं काम दिगंबर रेडकर यांच्याकडे गेलं, कारण नगरपरिषदेच्या यादीवर रंगारी तेवढे एकच होते. बंदरातल्या बहुतेक बोटींवरची नावं त्यांच्या हातची. आमच्या कचऱ्याच्या गाडीवरचं 'स्वच्छ आडबंदर'ही त्यांचंच. पन्नाशी उलटलेला, बारीक, कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी ते मत्स्यालयात आले तेव्हा फिलोमिनाबाईंनी त्यांना दारातच थांबवलं.

"हात बघू."

त्यांनी हात पुढे केले. नखांच्या कडांना तांबडा रंग होता.

"हा कसला?"

"बोटीच्या बुडाला लावतो तो."

"त्यात काय असतं?"

"तांबं," दिगंबर म्हणाले. "बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून असतं ते. चिकटायला आले तर मरतात." त्यांनी हात मागे घेतले. "त्यासाठीच तो रंग आहे."

"माझ्या टाकीत तांब्याचा एक पैसा पडला तरी चाळीसच्या चाळीस मरतील," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे," दिगंबर म्हणाले. "तीस वर्षं हेच काम करतो आहे."

मी हे संभाषण फाइलला लावलं. साहेबांनी त्यावर लिहिलं, की रंगाऱ्याच्या पूर्वीच्या कामाबद्दल अर्जदाराची हरकत आल्यास विचार करता येईल. तशी हरकत आली नाही. दिगंबरांना तीन वेळा हात धुवायला लावून आत सोडण्यात आलं. साबण न लावता, कारण साबणही चालत नाही.

खेकड्यासाठी त्यांनी एक रिकामा शंख निळ्या ऑइलपेंटने रंगवला आणि त्यावर पिवळी नक्षी काढली. बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, काढतात तशी, पण बारीक. फिलोमिनाबाईंचं म्हणणं होतं, की असं काही देऊच नये. साहेबांचं म्हणणं होतं, की रंग बाहेरून आहे आणि भाडेकरू आत राहणार. शेवटी फिलोमिनाबाईंनी एकच अट घातली. खेकड्याला त्याच्या शंखातून कोणी ओढून काढायचं नाही. नवा शंख शेजारी ठेवायचा, वाटलं तर तो जाईल.

शंख आठ दिवस वाळवून खेकड्याशेजारी ठेवला. तिसऱ्या दिवशी तो आत गेला. त्याची जुनी जागा तशीही त्याला घट्ट होत होती. बुधवारी साहेबांनी 'प्रयोग यशस्वी' असं लिहून सही केली आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने ते बीडला गेले. शनिवार दुसरा होता.

शनिवारी दुपारी बारा वाजता फिलोमिनाबाईंचा मला घरी फोन आला. "बाई, या," एवढंच त्या म्हणाल्या.

खेकडा शंखातून बाहेर आला होता. शंखाबाहेरचा खेकडा मी तोवर पाहिला नव्हता. पुढचा भाग खेकड्यासारखाच होता, नांग्या, डोळे, सगळं. मागचा भाग मऊ, गुलाबी आणि वळलेला होता, सोललेल्या कोळंबीसारखा. तो टाकीच्या कोपऱ्यात अंग आवळून बसला होता. तोंडाशी निळे कण दिसत होते. निळ्या शंखावर नांगीने कुरतडल्याच्या पांढऱ्या खुणा होत्या. समोर वाळूत लिहिलं होतं: 'रंग पोटात जातो.'

त्याचा जुना शंख तोवर त्याच्याहून लहान खेकड्याने घेतला होता. टाकीत आणखी दोन शंख रिकामे होते. एक फार लहान होता, दुसऱ्याला भोक होतं.

"उघड्यावर फार वेळ टिकत नाही हा," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "सुकतो. आणि बाकीचे त्याला सोडत नाहीत."

मी फाइल काढली. प्रयोगासाठी निवडलेल्या भाडेकरूची जागा बदलायची असल्यास मुख्याधिकाऱ्यांची लेखी मंजुरी लागेल, असं त्यात स्पष्ट होतं. मी साहेबांना फोन लावला. फोन लागला नाही. मग मी दिगंबरांना निरोप पाठवला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

ते आले आणि काचेला कपाळ लावून बराच वेळ बघत राहिले. वाळूवर लिहिलेलं त्यांनी वाचलं. मग सायकलवर टांग मारून गेले आणि पंधरा मिनिटांत टॉवेलात गुंडाळलेला एक शंख घेऊन आले. मोठा होता, तपकिरी पांढरा, गोल तोंडाचा. त्याच्यावर कसलाही रंग नव्हता.

फिलोमिनाबाईंनी तो उजेडात फिरवून बघितला. कुठे भेग आहे का, कड मोडली आहे का. "आधी उकळायला हवा," त्या म्हणाल्या.

ऑफिसच्या चहाच्या पातेल्यात आम्ही शंख उकळला, निववला, टाकीतल्या वाटीच्या खारट पाण्यात बुडवून काढला आणि खेकड्यापासून चार बोटांवर ठेवला. खेकडा बराच वेळ हलला नाही. मग तो सरकत आला. आधी मिशांनी बाहेरून चाचपलं, मग एक नांगी आत घालून खोली बघितली, शंख उलटा केला, सुलटा केला, थोडी वाळू आतून बाहेर ओढली. अकरा मिनिटं लागली. घर बघायला आलेलं माणूस नळ सोडून बघतं, तसं त्याने सगळं बघितलं. नंतर एका झटक्यात तो मागे वळला आणि आत गेला.

मी फाइलमध्ये लिहिलं, 'भाडेकरूस पर्यायी जागा दिली.' 'कोणाच्या आदेशाने' या रकान्यात मी माझं नाव घातलं. नोकरीच्या एकवीस वर्षांत त्या रकान्यात मी माझं नाव कधी घातलं नव्हतं.

दिगंबर पातेलं घासत होते. मी विचारलं, शंख कुठला.

"घरचा. सदानंदच्या जाळ्यात आला होता." सदानंद त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी समुद्रात गेला, तो परत आला नव्हता. "आईच्या कपाटावर होता."

"आईंना विचारलंत?"

"त्या झोपल्या होत्या."

त्यांची आई, भागीरथीकाकू, ऐंशीच्या घरातल्या. सदानंद गेल्यापासून त्या बंदराकडच्या रस्त्याला आल्या नव्हत्या. बाजारालासुद्धा लांबच्या वाटेने जायच्या. त्या संध्याकाळी काय झालं ते दिगंबरांनी मला सोमवारी सांगितलं. काकूंनी दिवा लावला, कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, "शंख खंय गेलो रे?"

"एका खेकड्याक दिलंय, आये. तेका घर नाय होता."

काकूंनी दिव्याची वात पुढे सारली. मग त्यांनी विचारलं, "तेका बसता मा बरोबर?"

"बसता."

त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं झालं नाही.

साहेब सोमवारी आले. मी सगळं सांगितलं आणि मेमोची वाट बघत उभी राहिले. त्यांनी फाइल वाचली, सात नंबरच्या टाकीकडे जाऊन आले, 'प्रयोग यशस्वी' खोडून 'प्रयोग अयशस्वी' लिहिलं आणि पुन्हा सही केली. माझ्या नावाखाली त्यांनी आपलं नाव घातलं. मग त्यांनी आदेश काढला, की यापुढे मत्स्यालयातल्या कोणत्याही रहिवाशाच्या शंखाला ऑइलपेंट, नेलपॉलिश, डिंक, चमकी वा तत्सम पदार्थ लावू नये. राहता राहिला मूळ अर्ज.

"नामंजूर करावा लागेल," ते म्हणाले. "पण नामंजूर करण्यापूर्वी प्रयोजन विचारलं पाहिजे. तसा नियम आहे."

प्रश्न मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काचेला बाहेरून चिकटवला: 'शंख कशासाठी रंगवायचा आहे?' उत्तराला जागा नव्हती, कारण गोगलगायींनी मिळून काच चाटूनपुसून स्वच्छ केली होती. फिलोमिनाबाईंनी टाकीवरचा दिवा दिवसाचे दहा तास चालू ठेवला. शेवाळ धरायला तीन आठवडे लागले. बाकीच्या एकोणचाळीस जणी पुढच्या काचेवर येऊ नयेत म्हणून तेवढे दिवस मागच्या काचेवर काकडी बांधण्यात आली. उत्तर पूर्ण व्हायला अकरा दिवस लागले. ऑक्टोबर संपत आला होता.

आरसा या वेळी साहेबांनी स्वतः धरला.

'मेल्यावर कोण गेली ते कळावं.'

फिलोमिनाबाईंनी आपली नोंदवही आणली आणि मे महिन्याचं पान उघडून टेबलावर ठेवलं. तिथे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टाकी ४. मृत. गोगलगाय, एक.' खाली, 'नवीन आणली. गोगलगाय, एक.'

"ती गेली तेव्हा एकजण तिच्याशेजारून दोन दिवस हलली नव्हती," त्या म्हणाल्या. "हीच असेल. मी सांगू शकत नाही, सगळ्या सारख्या दिसतात. मी एक काढली, एक घातली. आकडा बरोबर ठेवला."

साहेबांनी दिगंबरांकडे बघितलं. "तुमचं काय मत?"

"माझ्या भावाची बोट फुटली," दिगंबर म्हणाले. "अठरा दिवसांनी एक फळी किनाऱ्याला लागली. हातभर होती. तिच्यावर 'ळागौ' एवढं राहिलं होतं. बोटीचं नाव मंगळागौर. अक्षर माझं होतं. म्हणून आम्हांला कळलं, की ती तीच बोट. त्या हंगामात आणखी दोन बोटी बेपत्ता होत्या. त्यांच्या घरी अजून कळलेलं नाही." मग ते म्हणाले, "नामंजूर करू नका."

"पण रंग लावता येत नाही."

"रंग नको. दुसरं काही बघू."

दुसरं काही फिलोमिनाबाईंना माहीत होतं, पण ते उपयोगाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दिगंबर चार दिवस टाकीसमोर स्टूल टाकून बसले. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, की ही बारीक काळपट रेघ बहुतेकींच्या शंखावर साधारण एकाच ठिकाणी कशी.

"एप्रिलमध्ये आठवडाभर पाणी बिघडलं होतं," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "तेव्हा यांनी खाणं सोडलं. आत शिरून शंखाच्या तोंडाला असतं ते झाकण लावून बसल्या. शंख त्याच्या तोंडाच्या काठाने वाढतो ना, तो वाढायचा थांबला. पुन्हा खायला लागल्या तेव्हा पुढे वाढला. थांबला होता तिथे रेघ राहिली."

दिगंबर उठून उभे राहिले. "म्हणजे बाहेरून काही लावायचंच नाही. तिने स्वतःच काढायची."

त्यांनी त्याच दिवशी आराखडा करून साहेबांना सादर केला. एक रुंद पट्टा, मग एकमेकींना लागून दोन रेघा, पुन्हा एक रुंद पट्टा, शेवटी एक रेघ. पट्ट्याच्या दिवसांत अर्जदाराने भरपूर खावं. रेघ काढायची असेल तेव्हा तिने पाच दिवस झाकण लावून स्वस्थ बसावं. फिलोमिनाबाईंनी लिहून घेतलं, की तिला उपाशी ठेवलं जाणार नाही. खाणं समोर राहील, बसायचं की नाही हे ती ठरवेल. आरोग्य विभागाने कळवलं, की विश्रांतीला परवानगी लागत नाही. आराखडा टाकीतून दिसेल असा काचेला लावण्यात आला. अर्जदार त्याच्यासमोर दीड दिवस थांबली आणि मग काकडीकडे गेली. ही संमती धरण्यात आली.

काम नोव्हेंबरात सुरू झालं. शंख वाढायला चुना लागतो, म्हणून दिगंबर सकाळी किनाऱ्यावर जाऊन वाहून आलेला समुद्रफेण, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, गोळा करायचे, गोड्या पाण्यात उकळायचे आणि त्याचा तुकडा टाकीत ठेवायचे. सोबत कधी उकडलेला पालक, कधी दोडक्याची चकती. ते कधी टाकीत हात घालत नसत. बाहेर बसून फूटपट्टी काचेला लावायचे, अर्जदार आपणहून तिच्यासमोर येऊन थांबायची, मग वहीत आकडा लिहायचे. महिन्याला गव्हाच्या दाण्याएवढं काम पुढे जायचं.

पहिली रेघ नीट आली. दुसरीच्या वेळी अर्जदाराला तिसऱ्या दिवशी भूक लागली, तिने झाकण उघडून पालक खाल्ला आणि रेघ पुसट आली. दिगंबरांनी कागद चिकटवला: 'हरकत नाही. माझ्याही चुकतात.' सोळा दिवसांनी काचेवर उत्तर आलं, 'पुन्हा करते.' तिने पुन्हा केली. म्हणून आराखड्यात दोन असलेल्या रेघा प्रत्यक्षात तीन झाल्या. मधली पुसट. साहेबांनी बदलाला कार्योत्तर मंजुरी दिली.

त्या पावसाळ्याआधी बोटी वर ओढल्या तेव्हा बुडं रंगवायला दिगंबर गेले नाहीत. नावं लिहायचं काम तेवढं त्यांनी घेतलं. बोटवाल्यांनी नाराजी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, की मला सध्या रोज सकाळी एके ठिकाणी स्वच्छ हातांनी जावं लागतं. बंदरात ते सगळ्यांना पटलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाहणी झाली. साहेबांना पाठ करून उभं करण्यात आलं. फिलोमिनाबाईंनी दिवा मालवला, थोड्या वेळाने लावला आणि त्यांना वळायला सांगितलं. टाकीत चाळीस पिवळ्या गोगलगायी काचांवर, वाळूवर, पानांखाली पसरल्या होत्या. साहेब वाकले, चष्मा वर केला आणि डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ही."

"कशावरून?" मी विचारलं, कारण पाहणी अहवालात तो रकाना असतो.

"तीन रेघा जवळ, मधली पुसट. पुढे एक लांब."

मी तसं लिहिलं. दिगंबरांनी काम पूर्ण झाल्याची सही केली. अर्जदाराला कळवण्यात आलं. तिने काही लिहिलं नाही. त्यानंतर काचेवर फक्त जेवल्याच्या खुणा दिसत.

दिगंबर तरीही सकाळी येत राहिले. कोणी कारण विचारलं नाही. साहेबांची पुढच्या मार्चमध्ये बदली झाली. जाताना ते चार नंबरच्या टाकीसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि मग जीपमध्ये बसले.

अर्जदार त्याच वर्षी सप्टेंबरात गेली. वय झालं होतं. फिलोमिनाबाईंनी वही उघडली आणि लिहिलं, 'टाकी ४. मृत.' नंतर त्यांनी लिहिलं, 'तीन रेघा जवळ, मधली पुसट, पुढे एक लांब.' 'नवीन आणली' ही ओळ त्यांनी घातली नाही. टाकीत एकोणचाळीसच राहू दिल्या. मत्स्यालयाच्या दारावरच्या पाटीवर 'गोगलगायी ४०' होतं, ते दिगंबरांनी ब्रश घेऊन '३९' केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीकाकू आल्या. ज्या घरात कोणी गेलं, तिथे भेटायला जायची आमच्याकडे रीत आहे. त्यांनी धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि हातात काठी होती. त्या बंदराच्या रस्त्याने आल्या, कारण मत्स्यालयाला दुसरा रस्ता नाही. दिगंबर त्यांच्या मागून सायकल हातात धरून चालत होते.

फिलोमिनाबाईंनी खुर्ची दिली. काकू चार नंबरच्या टाकीसमोर बसल्या. भेटायला आलेल्या बाईने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कितक्या वर्साची होती?"

"तीन," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

"खाय होती मा शेवटपर्यंत?"

"खात होती. आदल्या दिवशी दोडका खाल्ला."

काकूंनी मान हलवली. एकोणचाळीस जणी आपापल्या जागी होत्या. काकू तासभर बसल्या. उठल्या तेव्हा बाहेरच्या दाराकडे न जाता त्या सात नंबरकडे वळल्या. कोणी त्यांना ती टाकी दाखवली नव्हती. मोठा खेकडा सदानंदचा शंख पाठीवर घेऊन वाळूतून चालत होता. शंखाची एक बाजू चालून चालून गुळगुळीत झाली होती. काकू काठीवर दोन्ही हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. खेकडा काचेपर्यंत आला, थांबला आणि वळून पाण्याच्या वाटीकडे गेला.

"वाढलो हा," काकू दिगंबरांना म्हणाल्या. "तेका आता मोठो लागतलो."

"बघतंय मी," दिगंबर म्हणाले.

"ह्यो शंख मगे घराक परत नको हाडू. दुसरो कोण तरी रवात तेच्यात."

पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या. नेहमी येणाऱ्यांना आम्ही वर्षाचा पास देतो. मी फॉर्म काढला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला. रहिवाशाला भेटायला येणाऱ्यांच्या फॉर्मवर आणखी दोन रकाने असतात. पहिल्यात मी 'शंखातला खेकडा, टाकी ७' असं लिहिलं.

"नातं काय घालू, काकू?" मी विचारलं.

त्यांनी सात नंबरकडे बघितलं.

"घरमालकीण लिवा," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं आणि शिक्का मारला.